ॲक्सिलरेटर केबल वारंवार जात असेल तर: कारणाचा शोध, बदल आणि जुळवणी

माझ्या जुन्या पेट्रोल गाडीची मूळ ॲक्सिलरेटर केबल 9 वर्षे टिकली. क्लच प्लेटच्या कामासाठी गिअरबॉक्स उतरवलाच होता, म्हणून त्याच वेळी ती केबलही बदलून घेतली. नवी केबल 8 महिन्यांत अडकू लागली आणि तिच्या जागी बसवलेली दुसरी 6 महिन्यांतच गेली. पहिल्या वेळी मी सुट्या भागाच्या दर्जाला दोष दिला, दुसऱ्या वेळी बसवणाऱ्याला. तिसरी केबल आणण्यापूर्वी मात्र निकामी केबल भंगारात न टाकता तिचे आवरण ब्लेडने उभे चिरून पाहिले, तेव्हा दोष केबलमध्ये नव्हताच हे लक्षात आले. एकच केबल दीर्घ वापरानंतर तुटली असेल तर ती बदलून काम संपते. पण दुसरीही थोड्या काळात गेली, तर केबलचा जीव घेणारे काहीतरी गाडीत शिल्लक आहे असे समजून शोध घ्यावा लागतो.

पुढील मजकूर तारेने उघडणाऱ्या थ्रॉटलच्या, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेच्या, गाड्यांसाठी आहे, मग ती कार्ब्युरेटरची असो वा इंजेक्शनची. बॉनेट उघडल्यावर थ्रॉटल बॉडीच्या बाजूला खोबण असलेली अर्धगोल चकती, म्हणजे क्वाड्रंट, आणि तिच्यावर गुंडाळलेली तार दिसत असेल तर गाडी या प्रकारची आहे. थ्रॉटल बॉडीला फक्त विजेचा कनेक्टर असेल आणि तार कुठेच नसेल, तर पेडलचा सेन्सर आणि थ्रॉटलची मोटर यांचा तो मामला वेगळा आहे.

केबलची रचना साधी आहे. आत अनेक बारीक पोलादी तारांचा पीळ असतो, त्याभोवती नायलॉन किंवा टेफ्लॉनची गुळगुळीत नळी, तिच्याभोवती स्प्रिंगसारखे गुंडाळलेले किंवा उभ्या तारांचे धातूचे कवच आणि सर्वांत बाहेर प्लास्टिकचे आवरण. 1896 मध्ये अर्नेस्ट मॉनिंग्टन बाउडेन यांनी ज्या यंत्रणेचे पेटंट घेतले तीच ही, आणि सायकलच्या ब्रेकमध्येही तीच असते. आतली तार ओढ सोसते आणि बाहेरचे कवच दाब सोसते, त्यामुळे कवचाची दोन्ही टोके पक्की धरलेली असली तरच पेडलची हालचाल पूर्णपणे थ्रॉटलपर्यंत पोहोचते. केबल फक्त ओढू शकते, ढकलू शकत नाही. थ्रॉटल बंद करण्याचे काम थ्रॉटल बॉडीवरील परतीच्या स्प्रिंगचे असते. तारेतील घर्षण स्प्रिंगच्या ताकदीपेक्षा वाढले की पाय काढूनही इंजिनचे फेरे खाली येत नाहीत, आणि तुटलेल्या केबलपेक्षा अडकलेली केबल धोकादायक ठरते ती यामुळेच.

म्हणून तपासणीच्या आधी एक आवश्यक गोष्ट. चालत्या गाडीत पेडल अडकल्यास क्लच दाबून गाडी न्यूट्रलमध्ये घ्यावी आणि ब्रेक एकदाच, जोरात व सलग दाबावा. थ्रॉटल पूर्ण उघडा असताना इंजिनमधील निर्वात दाब जवळजवळ नाहीसा होतो, त्यामुळे ब्रेकच्या बूस्टरमध्ये जेमतेम एक-दोन दाबांपुरतीच साठवण उरते आणि ब्रेक पुन्हा पुन्हा दाबल्यास पेडल दगडासारखे कडक होते. गाडी थांबल्यावरच चावी फिरवावी. चालत्या गाडीत ती लॉकच्या स्थितीपर्यंत नेल्यास स्टिअरिंग अडकते. पेडल उचलण्यासाठी चालवता चालवता खाली वाकू नये. थांबल्यावर सर्वप्रथम पायपुसणे पाहावे, कारण सरकलेल्या पायपुसण्याची कड पेडलवर चढल्याने पेडल दाबलेलेच राहते आणि बदनामी केबलची होते.

दोष केबलचा की थ्रॉटलचा

इंजिन बंद आणि थंड असताना क्वाड्रंट हाताने पूर्ण उघडा फिरवावा, म्हणजे तार सैल पडते आणि तिच्या टोकाचा निपल, म्हणजे शिशाच्या दाण्यासारखा गोळा, खाचेतून बाहेर काढता येतो. आता केबल आणि थ्रॉटल वेगळे झाले. क्वाड्रंट हाताने उघडून सोडला की तो टक् असा आवाज करून आपल्या थांब्यावर आपटायला हवा. तो आळसावत परत येत असेल, किंवा बंद स्थितीतून सुटताना चिकटून मग एकदम सुटत असेल, तर फुलपाखरी झडपेच्या कडेला कार्बनचा थर बसलेला आहे किंवा तिची दांडी झिजलेली आहे. गाडी चालवताना हे लक्षण पहिल्या स्पर्शाला पेडल चिकटणे आणि मग झटका बसणे अशा स्वरूपात जाणवते, आणि त्यासाठी विनाकारण केबल बदलली गेल्याची उदाहरणे मी अनेकदा पाहिली आहेत. अशा वेळी थ्रॉटल बॉडी क्लीनर आणि मऊ कापड पुरेसे असते.

क्वाड्रंट ठीक असेल तर सुट्या झालेल्या तारेचे टोक दोन बोटांत धरावे आणि मदतनिसाने पेडल सावकाश दाबून सोडावे. बोटांना तार रेशमासारखी सरकताना जाणवली पाहिजे. खरखर, ठरावीक जागी अडखळणे किंवा बोटांनी ओढल्याशिवाय तार परत न येणे हा केबलचा दोष आहे. पेडलकडचे टोकही सोडवले, तर पेडल ज्यावर फिरते त्या खिळीतला गंज आणि केबलमधले घर्षण हेही वेगळे ओळखता येते.

तुटलेली जागा वाचणे

या कामातला सर्वांत उपयोगी भाग हाच आहे आणि तो बहुतेक वेळा वगळला जातो, कारण जुनी केबल तोवर कचऱ्यात गेलेली असते.

थ्रॉटलकडच्या निपलच्या मानेशी तार केरसुणीसारखी पिंजारलेली असेल, म्हणजे एकेक धागा तुटत जाऊन उरलेल्या दोन-चार धाग्यांवर काम चालले असेल, तर ती थकव्याची तूट आहे. निपल आपल्या खाचेत मोकळा फिरला पाहिजे. तो गंजून किंवा घट्ट बसून जागीच थिजला, तर पेडल दाबताना प्रत्येक वेळी तार त्याच एका बिंदूत वाकते, आणि एखादी तार हाताने पुढे-मागे वाकवून तोडावी तशी ती काही हजार दाबांनंतर तुटते. केबलचा ब्रॅकेट वाकल्यामुळे तार खोबणीत सरळ न शिरता तिच्या कडेला घासत असेल, तरी परिणाम तोच होतो. क्वाड्रंटच्या कडेला चकाकणारी घासलेली रेघ दिसल्यास आधी ब्रॅकेट सरळ करावा.

पेडलच्या टोकाला तूट असेल तर पेडलच्या हाताची खाच पाहावी. तिथला प्लास्टिकचा बुश झिजून पडला असेल, तर पत्र्याची उघडी कड तारेला करवतीसारखी कापते. पेडलची खिळी सैल होऊन पेडल आडवे हलत असेल, तर तार तिरकी ओढली जाते. बुश नव्या केबलसोबत येतोच असे नाही. तो वेगळा मागवावा लागतो.

सर्व धागे एकाच जागी तुटले असतील आणि त्यांची टोके ताणली जाऊन निमुळती झालेली असतील, तर तो थकवा नसून अतिताण आहे. याचे नेहमीचे कारण म्हणजे पेडलचा थांबा. बहुतेक गाड्यांत पेडलच्या खाली किंवा मागे रबराचा ठोकळा अथवा बोल्ट असतो, आणि पेडल पूर्ण दाबल्यावर पायाचा जोर त्याने झेलायचा असतो. तो थांबा पडून गेला किंवा खाली गेला, तर क्वाड्रंट आपल्या शेवटच्या थांब्याला टेकल्यानंतरही पेडल पुढे जाऊ पाहते आणि सगळा जोर निपलवर येतो.

मधल्या भागात आवरण चेपलेले, वितळलेले किंवा तीव्र कोनात वळलेले असेल तर मार्ग चुकलेला आहे. केबल एक्झॉस्ट मॅनिफोल्डपासून दूर, मोठ्या गोलाईने आणि मूळच्या क्लिपांमधूनच गेली पाहिजे. इंजिनचा कप्पा आणि केबिन यांच्या मधल्या पत्र्यात केबल जिथून आत येते, तिथला रबरी ग्रोमेट नसेल तर पत्र्याची कड आवरण खाते आणि पाणीही आत शिरते. तार ओढल्यावर तपकिरी भुकटी बाहेर पडत असेल, तर ती गंजाची खूण आहे.

इंजिनचे माउंटिंग, ज्याला गॅरेजमध्ये सहसा फाउंडेशन म्हणतात, तेही येथे येते. केबलचे एक टोक बॉडीवर आणि दुसरे इंजिनवर असल्यामुळे फुटलेल्या फाउंडेशनवर डोलणारे इंजिन केबलला प्रत्येक गिअरबदलात ओढते. पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडताना गाडी लागोपाठ उड्या मारत असेल, तर बॉनेट उघडे ठेवून मदतनिसाला हॅन्डब्रेकवर क्लच किंचित उचलायला सांगावे आणि स्वतः गाडीच्या समोर न थांबता बाजूला उभे राहून इंजिन किती कलते ते पाहावे.

केबल जाळणारी अर्थ पट्टी

माझ्या केबलमध्ये यांपैकी काहीच नव्हते. तारेचा एकही धागा तुटलेला नव्हता, तरी ती आवरणात रुतून बसली होती. चिरून पाहिल्यावर आतली पांढरी नळी जवळजवळ पूर्ण लांबीभर वितळून तारेला चिकटलेली दिसली. बाहेरचे प्लास्टिक काही ठिकाणी फुगलेले होते, पण एक्झॉस्टच्या जवळचा भाग आणि केबिनच्या आतला थंड भाग यांची अवस्था सारखीच होती. उष्णता बाहेरून लागली असती तर एकाच जागी लागली असती. ही उष्णता आतूनच निर्माण झालेली होती.

स्टार्टर मोटर सेल्फ मारताना लहान पेट्रोल गाडीतही साधारण 100 ते 200 अँपिअर प्रवाह घेते. हा प्रवाह बॅटरीच्या धन टोकाकडून जाड वायरने स्टार्टरमध्ये जातो आणि इंजिनच्या धातूतून, इंजिन किंवा गिअरबॉक्सला जोडलेल्या अर्थ पट्टीवाटे ऋण टोकाकडे परततो. इंजिन रबरी फाउंडेशनवर बसलेले असल्याने बॉडीशी त्याचा दुसरा जाड धातुसंबंध नसतो. ही पट्टी सैल, गंजलेली किंवा तुटलेली असेल तर प्रवाह मिळेल त्या वाटेने परत जातो, आणि इंजिनपासून बॉडीपर्यंत जाणारी तयार धातूची वाट म्हणजे ॲक्सिलरेटर केबल, क्लच केबल आणि त्यांची कवचे. एवढ्या प्रवाहासाठी ती फारच बारीक असल्याने तापते. प्रत्येक वेळी काही सेकंदच, पण दिवसातून चार-पाच वेळा.

गिअरबॉक्स उतरवताना ही पट्टी सहसा सोडावी लागते. माझ्या गाडीत ती परत लावली होती, पण बोल्ट बोटांनी फिरेल इतका सैल होता आणि वेणीसारख्या पट्टीचे बहुतेक धागे हिरवट पडून लगच्या, म्हणजे बोल्ट बसतो त्या टोकाच्या धातूच्या कडीच्या, तोंडाशी तुटलेले होते. सकाळी सेल्फ मरतुकडा लागतो म्हणून मी दरम्यान बॅटरीही बदलली होती. दोन तक्रारींचा एकमेकींशी काही संबंध असेल हे माझ्या ध्यानातच आले नाही.

ही तपासणी पाच मिनिटांची आहे. गाडी न्यूट्रलमध्ये, हॅन्डब्रेक ओढलेला, आणि इंजिन सुरू होऊ नये म्हणून इंधन पंपाचा फ्यूज किंवा इग्निशन कॉइलचा कनेक्टर काढलेला असावा. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून एक टोक बॅटरीच्या ऋण खांबावर, म्हणजे क्लॅम्पवर नव्हे तर खुद्द शिशाच्या खांबावर, आणि दुसरे इंजिनच्या रंग नसलेल्या स्वच्छ धातूवर टेकवावे व मदतनिसाने सेल्फ मारावा. वाचन 0.2 व्होल्टच्या आसपास किंवा कमी असेल तर अर्थची जोडणी चांगली आहे, आणि ते 0.5 व्होल्टच्या वर गेले तर वाटेत अडथळा आहे. माझ्याकडे ते 2 व्होल्टच्या जवळ होते. मल्टिमीटर नसेल तर एक जाड जंपर वायर बॅटरीच्या ऋण टोकापासून थेट इंजिनच्या धातूला लावून सेल्फ मारावा. तो एकदम जोमाने फिरला तर निदान झाले. सेल्फ मारल्यावर लगेच ॲक्सिलरेटर किंवा क्लचची केबल बोटांना कोमट लागणे हाही पुरावाच आहे.

उपाय म्हणजे नवी पट्टी, आणि तिच्या दोन्ही बैठकींवरचा रंग व गंज पॉलिश पेपरने घासून धातू उघडा करणे. जुनी पट्टी नुसती आवळल्याने काही दिवस बरे वाटते आणि तोच प्रकार पुन्हा सुरू होतो. अशा गाडीत क्लच केबलही तपासावी, कारण तिनेही तोच प्रवाह वाहिलेला असतो.

केबल बदलणे

नवी केबल विकत घेताना जुनी सोबत न्यावी आणि दोन्ही शेजारी ठेवून तीन गोष्टी जुळवाव्यात: कवचाची लांबी, कवचाबाहेर उरणाऱ्या तारेची लांबी आणि दोन्ही टोकांच्या निपलांचा आकार. एकाच मॉडेलच्या कार्ब्युरेटर आणि इंजेक्शन आवृत्त्यांच्या केबल दिसायला सारख्या आणि लांबीने वेगळ्या असू शकतात. एकूण लांबी जुळली तरी बाहेर उरणारी तार थोडी कमी असेल, तर जुळवणीचा आटा संपेपर्यंत फिरवूनही थ्रॉटल पूर्ण बंद होणार नाही.

काढण्यापूर्वी केबलच्या संपूर्ण मार्गाचे छायाचित्र घ्यावे. थ्रॉटलकडचा निपल वर सांगितल्याप्रमाणे सोडवावा, ब्रॅकेटवरील एकमेकांविरुद्ध आवळलेल्या दोन चेक नटांपैकी एक सैल करून आटे असलेला भाग ब्रॅकेटच्या फटीतून उचलून काढावा आणि क्लिपा मोकळ्या कराव्यात. मग केबिनमध्ये चालकाच्या आसनासमोर पाठीवर झोपून, टॉर्च दातांत धरून, पेडलच्या वरच्या टोकाची तार खाचेतून बाजूला सरकवावी. कामाचा अवघड भाग एवढाच. तिथली प्लास्टिकची क्लिप पक्कडीने ओढल्यास हमखास तुटते. तिचे दोन कान दाबून ती मागे ढकलावी लागते. केबल इंजिनच्या बाजूने ओढून काढताना केबिनकडच्या टोकाला हातभर मजबूत दोरा बांधला तर तोच दोरा नवी केबल आत आणतो आणि गालिच्याखाली चाचपडावे लागत नाही. ग्रोमेट आपल्या भोकात चारही बाजूंनी बसला आहे याची आतून आणि बाहेरून खात्री करावी.

वंगणाविषयी माझे मत स्पष्ट आहे: आत नायलॉन किंवा टेफ्लॉनची नळी असलेल्या केबलमध्ये तेल किंवा ग्रीस घालू नये. तेल धूळ धरून ठेवते आणि काही महिन्यांत तिचा राप तयार होऊन तार पूर्वीपेक्षा जास्त अडकते. निपलच्या बैठकीला आणि पेडलच्या खिळीला ग्रीसचा पातळ हात द्यावा, तेवढे पुरे. अडकणाऱ्या जुन्या केबलमध्ये तेल सोडून ती चालवणे हा घरी पोहोचण्यापुरता इलाज आहे.

जुळवणी

जुळवणी आधी बंद स्थितीची आणि मग पूर्ण उघड्या स्थितीची करावी. पेडल मोकळे असताना क्वाड्रंट आपल्या थांब्यावर टेकलेला हवा आणि तारेत थोडी ढील हवी. काही गाड्यांच्या पुस्तिकांत तार मध्यावर बोटाने दाबून 10 ते 12 मिलिमीटर लवावी असे दिलेले असते. आपल्या गाडीच्या पुस्तिकेतला आकडा वेगळा असेल तर तोच पाळावा. ढील चेक नटांनी कमी-जास्त करून दोन्ही नट एकमेकांविरुद्ध आवळावेत. त्यानंतर मदतनिसाने इंजिन बंद ठेवून पेडल तळापर्यंत दाबावे आणि आपण क्वाड्रंट शेवटच्या थांब्याला पोहोचतो का ते पाहावे. तो पोहोचत नसेल तर गाडी ओढ कमी घेते. पोहोचूनही तार ताणलेली राहत असेल तर पेडलचा थांबा वर घ्यावा.

आयडलिंग, म्हणजे पेडल न दाबता इंजिनचे फिरणे, कमी आहे म्हणून केबल ताणून फेरे वाढवण्याची पद्धत सर्रास दिसते आणि ती चुकीची आहे. इंजेक्शनच्या गाडीत थ्रॉटल पूर्ण बंद असल्याची खूण सेन्सरकडून मिळाली नाही, तर संगणक आयडलिंग नियंत्रणात घेत नाही आणि गाडी उतारावर असताना इंधन तोडण्याची सोयही नीट काम करत नाही. थ्रॉटलच्या थांब्याचा कारखान्यात बसवलेला स्क्रूही याच कारणाने फिरवू नये. आयडलिंगचा दोष हवेची गळती, घाण झालेली आयडल झडप किंवा कार्बन यांत शोधावा.

शेवटी इंजिन सुरू करून ते गरम होऊ द्यावे, न्यूट्रलमध्ये पेडल आठ-दहा वेळा दाबून एकदम सोडावे आणि प्रत्येक वेळी फेरे त्याच आकड्यावर येतात का ते पाहावे. नव्या केबलचे कवच पहिल्या आठवड्यात आपल्या बैठकीत किंचित दबते, त्यामुळे ढील थोडी वाढते. तेव्हा एकदा पुन्हा मोजून चेक नट पाहून घ्यावेत. माझ्या गाडीत नव्या अर्थ पट्टीनंतर वाचन 0.1 व्होल्टवर आले आणि सेल्फही पहिल्यासारखा कडक फिरू लागला. त्या वेळी बसवलेल्या केबलला आता 3 वर्षे होत आली आहेत.